ठेव ठेवण्यापूर्वीं

मुलीचें लग्न ठरवावयाचें झालें म्हणजे आपल्या घरांतून केवढी चौकशी होते! मुलाचें शिक्षण, आईबापांचा स्वभाव, घरावर कर्ज आहे कीं काय, फार काय, त्याचें आजोळ कोठलें, येथपर्यंत आपण खोदून विचारतों. पण घराची पुंजी एखाद्या कंपनीच्या हवालीं करतांना 'अमक्यांनींही ठेवली आहे' एवढा दाखला आपणांस पुरतो. आमच्या घरीं नेमकें हेंच घडलें. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें मांडीत आहें.

आमचें घर आंबेगांव तालुक्यांतील लोणीचें. डिंभ्याच्या धरणानें तालुक्याचा बराच भाग हिरवा केला, पण आमचा पूर्वेकडचा पट्टा बहुतांशीं पावसाच्याच भरंवशावर राहिला. दोन वर्षांपूर्वीं जमिनीचा एक तुकडा विकला गेला आणि बारा लाख रुपये घरांत आले. तीन भावांचें घर, चूल एकच. त्यामुळें पैसा कोणा एकाचा नव्हता. त्यांत जाऊबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया होती, पुतण्याचें पुढील शिक्षण होतें, माझ्या मुलीचें लग्नही होतें.

अशा वेळीं मोठ्या भावजींचे एक शाळासोबती एका कंपनीची छापील पुस्तिका घेऊन आले. ठेवीवर व्याज दरसाल दर शेंकडा अठरा. गृहस्थ सज्जन, बोलणें गोड, आणि भावजींची त्यांच्याशीं पन्नास वर्षांची मैत्री! भावजींचा विचार पक्का झाला. पुतण्या तेव्हां पुण्याच्या एका कॉलेजांत वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होता. तो एवढेंच म्हणाला, "बाबा, आठ दिवस थांबा. मी कॉलेजच्या ग्रंथालयांत बसून थोडें पाहतों."

भावजींना तें लागलें. "माझ्या मित्राच्या शब्दाची परीक्षा तूं घेणार?"

मी एरवीं त्यांच्यापुढें बोलत नाहीं. पण त्या दिवशीं बोललें. "भावजी, परीक्षा मित्राची नव्हे, कंपनीची आहे. डोळे तपासायला मला पुण्याला जायचेंच आहे. मीही त्याच्याबरोबर जातें."

ते गप्प राहिले. त्यालाच आम्हीं संमति मानलें.

ग्रंथालयांतल्या बाईंनीं आमचें म्हणणें ऐकून घेतलें आणि पहिलाच प्रश्न असा केला कीं, मी चकित झालें. "तुम्हांला धंद्याची माहिती हवी कीं कंपनीची?" माझ्या लेखीं दोन्ही एकच. त्या म्हणाल्या, "आधीं धंदा पाहावा. ज्या धंद्यांत कोणालाच शेंकडा अठरा सुटत नाहीं, त्यांतली एकच कंपनी तेवढें व्याज कोठून देणार?"

त्यांनीं प्रथम धनंजयराव गाडगीळांचा भारतीय उद्योगधंद्यांच्या वाढीवरील १९२४ चा ग्रंथ समोर ठेवला. १९३० सालीं पुण्यांत गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, तिचे हे पहिले संचालक. हातकारागिरी कां मागें पडली, गिरण्या कशा उभ्या राहिल्या, हें त्यांत क्रमानें मांडलेलें आहे. दुसऱ्या एका पुस्तकांत मुंबईच्या शेअरांच्या वेडाची कथा निघाली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच मोठमोठीं घराणीं धुळीस मिळालीं. तेव्हांही लोकांनीं 'अमक्यांनीं घेतले' म्हणूनच शेअर घेतले होते. वाचतांना मला आमची ओसरी दिसूं लागली.

मग कंपनीकडे वळलों. कागद कसे वाचावे हें कळावें म्हणून बाईंनीं आमच्याच तालुक्यांतलें उदाहरण घेतलें. मंचरची पराग मिल्क फूड्स ही १९९२ सालीं स्थापन झालेली दुधाची कंपनी. २०१६ सालीं तिनें आपले शेअर लोकांस विक्रीला काढले, तेव्हां माहितीपत्रक प्रसिद्ध करावें लागलें. अशा पत्रकांत आपल्या धंद्यांतले धोके कंपनीलाच लिहून द्यावे लागतात. दूध हाच जिचा कच्चा माल, तिला त्याच्या भावाची व पुरवठ्याची अनिश्चितता सांगावीच लागते. उलट आमच्याकडचा भीमाशंकर साखर कारखाना सहकारी. त्याला १९६० चा सहकारी कायदा लागू, आणि त्याचा अहवाल सभासदांच्या वार्षिक सभेपुढें येतो. दोन्ही उद्योग रोजच्या पाहण्यांतले. पण एकाचा हिशेब कोठें पाहावा व दुसऱ्याचा कोठें, हें मला त्या दिवशीं प्रथम कळलें.

आमच्या कंपनीचे शेअर बाजारांत नव्हतेच. तरीही प्रत्येक कंपनीला आपला ताळेबंद सरकारांत दाखल करावा लागतो, आणि शंभर रुपये भरले कीं कोणालाही तो संगणकावर पाहतां येतो. पुतण्यानें शंभर रुपये भरले. तीन वर्षांचे ताळेबंद आम्हीं टेबलावर पसरले.

नफ्याच्या आंकड्याखालीं 'नफा' असा शब्द होता खरा. पण रोख रकमेच्या पत्रकांत धंद्यांतून पैसा येण्याऐवजीं तिन्ही वर्षें बाहेरच जात होता. मग व्याज कोठून दिलें जात होतें? नव्या लोकांच्या पैशांतून! आणि पुस्तिकेंत जिला 'ठेव' म्हटलें होतें, ती रक्कम ताळेबंदांत 'ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम' या नांवानें बसली होती. शेवटच्या पानावर बारीक टाइपांत एक तळटीप होती : संचालकांच्या नातेवाइकांच्या पेढीला बिनव्याजी कर्ज.

बाईंनीं कंपन्यांचा २०१३ चा कायदा उघडून दिला. सर्वसामान्य लोकांकडून ठेवी घेण्यास कंपनी सार्वजनिक असावी लागते. तिची निव्वळ मत्ता निदान शंभर कोटींची किंवा उलाढाल पांचशें कोटींची असावी लागते. शिवाय पतमापन संस्थेचा दाखला हवा. आमच्या कंपनीची मत्ता तीन कोटींचीही नव्हती. ठेव मागण्याचा तिला अधिकारच नव्हता.

रात्रीं लोणीला पोंचलों. पुतण्यानें कांहीं न बोलतां कागद भावजींच्या पुढें ठेवले. ते हायस्कुलांत मुख्याध्यापक होते. हातीं तांबडी पेन्सिल घेऊन ते दिव्याखालीं बसले. उत्तररात्रीं मी पाण्याला उठलें, तरी दिवा जळतच होता. सकाळीं त्यांनीं सर्वांस ओसरीवर बोलाविलें आणि खालच्या मानेनें म्हणाले, "दोन लाख मीं आधींच देऊन बसलों आहें. तुम्हां कोणाला विचारलें नाहीं."

घरांत कोणी शब्द काढला नाहीं. जाऊबाई फक्त म्हणाल्या, "दहा राहिले ना? चहा घ्या आधीं."

संध्याकाळीं भावजी तेच कागद घेऊन मित्राकडे गेले. मला वाटलें, भांडण होणार, मैत्री तुटणार. पण तो गृहस्थ फसविणारा नव्हताच. त्यानें आपला सबंध प्रॉव्हिडंट फंड तेथेंच ठेवला होता! तळटीप वाचून तो बराच वेळ नुसता बसून राहिला, असें भावजींनीं सांगितलें. पुढें दोघांनीं मिळून, ठेवीदारांच्या संरक्षणासाठीं महाराष्ट्रांत १९९९ सालीं जो कायदा झाला, त्याच्या आधारें तक्रार केली. आमच्या दोन लाखांपैकीं एक लाख परत आले. उरलेल्यांची आशा धरून आम्ही बसलों नाहीं. जाऊबाईंची शस्त्रक्रिया त्याच वर्षीं झाली. आतां त्या काठीवांचून देवळांत जातात.

मला राहून राहून वाटतें, आमच्या घरांत चार पदवीधर. पण ताळेबंद कोणी उघडून पाहिला नव्हता. कायदा, अहवाल, इतिहास, सारें ग्रंथालयांत होतें. गेलें मात्र कोणी नव्हतें. ज्यांचीं मुलें कॉलेजांत आहेत त्यांनीं एवढें करावें : पैसे देण्यापूर्वीं त्यांना ग्रंथालयांत पाठवावें, आणि जमल्यास आपणही बरोबर जावें. मित्राच्या शब्दावर विश्वास ठेवणें हा दोष नव्हे. पण मित्रानेंही कागद वाचलेला नसेल, हें ध्यानांत ठेवावें.

हल्लीं भावजी पुतण्याकडून कंपन्यांचे अहवाल मागवून घेतात आणि मुलांचे निबंध तपासावे तसे तांबड्या पेन्सिलीनें वाचतात. वाचायला सुरुवात मात्र शेवटच्या पानापासून करतात.