नाते, असल्यास

६ सप्टेंबर २०१८, गुरुवार, सातारा
गणपती आठवड्यावर आलेत, त्यामुळे काउंटरवर पैसे काढणाऱ्यांची रांग. जेवणाच्या सुट्टीत शिपायाच्या मोबाइलवर बातमी आली. सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायमूर्तींनी एकमताने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे ३७७ कलम सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते रद्द केले. दिल्ली हायकोर्टाने २००९ साली हेच केले होते, २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ते पुसले होते. कलम १८६० चे, इंग्रजांचे. त्यांनी आपल्या घरी १९६७ सालीच कायदा सैल केला. आम्ही मात्र त्यांचे सोवळे नेसून बसलो. डबे खाताना यावरून हशा पिकला. मीही हसले, हे लिहून ठेवते.

१२ जून २०१९, बुधवार
बोट्स्वानाच्या हायकोर्टाने तसलेच कलम काल रद्द केले. केनियाच्या कोर्टाने तसलेच मे महिन्यात कायम ठेवले. अठरा दिवसांचे अंतर.

१७ ऑक्टोबर २०२३, मंगळवार
नवरात्राची तिसरी माळ. सुप्रीम कोर्टाचा समलिंगी लग्नांवरचा निकाल आला. लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत. सहजीवनाला कायद्याने मान्यता द्यावी का, यावर ३ विरुद्ध २, आणि सरन्यायाधीश चंद्रचूड अल्पमतात! सरकार कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमणार. समिती म्हटले की मी मनात दहा वर्षे धरते.

नेमके आजच ते दोघे मुदत ठेवीसाठी आले. एक शिक्षक, दुसऱ्यांचे वह्या-पुस्तकांचे दुकान. शाखेत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणालाच ठाऊक नाही. नॉमिनीच्या फॉर्मवर सरांनी नाव लिहिले, पत्ता लिहिला, आणि पुढच्या रकान्याशी पेन थांबले. ‘खातेदाराशी नाते, असल्यास.’
“मॅडम, इथे काय लिहू?”
“मित्र लिहा ना, सर.”
दुकानवाले खिडकीबाहेर बघू लागले. इतकी वर्षे हा फॉर्म भरून घेते. ‘असल्यास’ हा शब्द आज वाचला. रकाना रिकामा सोडता आला असता.

१८ ऑक्टोबर
रात्री झोप लागली नाही. सांगायचे ते राहूनच गेले होते. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देऊन मोकळी होते, पण तो नुसता सांभाळणारा. हिंदू कायद्यात लग्न न झालेल्या पुरुषाची वारस आई; ती नसेल तर वडील, मग भाऊ-बहिणी. वीस वर्षे तोंड न दाखवलेला भाऊ कागद घेऊन काउंटरवर उभा राहिलेला मी पाहिला आहे. लग्नाचा दाखला हवा तो एवढ्यासाठी, वरातीसाठी नव्हे. दुपारी सरांना फोन केला. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. “साक्षीला तुम्ही याल?” मी “बघते” म्हणाले.

१ डिसेंबर २०२३
नेपाळात लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेने परवा अशा जोडप्याची लग्ननोंद केली. तिथल्या सुप्रीम कोर्टाने २००७ सालीच सरकारला भेदभावाचे कायदे बदलायला सांगितले होते. या जूनमध्ये अशा लग्नांची तात्पुरती नोंद करण्याचा आदेश दिला; तरी काठमांडूच्या जिल्हा कोर्टाने याच जोडप्याला नकार दिला. शेवटी गावपालिकेतल्या कोणीतरी वही उघडली आणि ओळ लिहिली. तो कारकून कसा असेल, याचा दिवसभर विचार करत होते. त्याचाही हात रकान्याशी थांबला असेल का?

३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार
समितीचे काहीतरी निघाले म्हणायचे. अर्थ मंत्रालयाने जाहीर केले: समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला कसलेही बंधन नाही. अहो, बंधन होते कधी? सासू-जावयांचे संयुक्त खाते आमच्याकडे आहे. ज्याची मनाई नव्हती त्याची परवानगी आली. तरीही एक झेरॉक्स काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. नव्या क्लार्कने भुवया उंचावल्या तर कागद दाखवता येतो.

११ जानेवारी २०२५, दुसरा शनिवार
लग्नाच्या निकालावरच्या फेरविचार याचिका परवा फेटाळल्या. सरांनी त्याच संध्याकाळी फोन केला, “आता येता का?”
वकिलांच्या ऑफिसात आम्ही पाच जण. नात्याच्या जागी काय घातले आहे ते वाचायचा मोह झाला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नसते. साक्षीदार क्रमांक दोन म्हणून सही केली, पूर्ण पत्ता लिहिला. घरी तीळगुळाचे सामान आणायला जाते म्हणून सांगितले होते. येताना खरेच अर्धा किलो तीळ घेतले.