नावातील उड्डाण

माणसांप्रमाणे शब्दांनाही जन्मकथा असते. काही शब्द शेतात जन्मतात, काही बाजारात. तर काही नाचण्यात दंग झालेल्या माणसाच्या तोंडून सहज निघून जातात. ‘लिंडी हॉप’ हे नाव या शेवटच्या प्रकारचे होय.

२० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग हा पंचवीस वर्षांचा अमेरिकन वैमानिक न्यूयॉर्कजवळून एकटाच निघाला आणि सुमारे साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. वाटेत कोठेही न थांबता अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडणारा तो पहिलाच वैमानिक. लोक त्याला लाडाने ‘लिंडी’ म्हणू लागले. ‘हॉप’ म्हणजे उडी. लिंडीने समुद्रावरून उडी घेतली, अशी बोलणी घरोघर चालली.

त्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय तरुण एक नवे नृत्य घडवीत होते. १९२८ साली नृत्याच्या एका दीर्घ स्पर्धेत जॉर्ज स्नोडेन या नर्तकाने जोडीदारणीचा हात सोडून स्वैर पदन्यास केला. हे काय, असे कोणी विचारताच तो ‘लिंडी’ असे उत्तरला, अशी कथा सांगतात.

या नृत्याचे माहेरघर म्हणजे १९२६ साली उघडलेले हार्लेममधील ‘सॅव्हॉय’ नृत्यगृह. त्या काळी अनेक ठिकाणी गोऱ्यांच्या रांगेत काळ्यांना स्थान नसे. सॅव्हॉयमध्ये मात्र कातडीचा रंग कोणी पाहत नसे. पावलांचा ताल तेवढा पाहिला जाई. जोडीदार एकमेकांना धरून फिरत, क्षणभर दूर होत, आपापल्या कल्पनेने नाचत आणि पुन्हा जवळ येत. सोबतही राहावी आणि मोकळीकही असावी, हेच या नृत्याचे मर्म.

फ्रँकी मॅनिंग हा तेथीलच एक तरुण. जोडीदारणीला पाठीवरून हवेत उलटवून तालावर अचूक जमिनीवर उतरविण्याची करामत त्याने १९३५ च्या सुमारास करून दाखविली. ‘उडी’ हे नाव तेव्हा खऱ्या अर्थाने सार्थ झाले! पुढे काळ पालटला. संगीताची आवड बदलली, मॅनिंग टपालखात्यात नोकरी करू लागला आणि १९५८ साली सॅव्हॉय बंद पडले. जगाला त्याचा विसर पडला.

परंतु खरी कला मरत नाही. १९८६ साली कॅलिफोर्नियातील दोन तरुण नर्तक त्याचा शोध घेत आले आणि शिकविण्याची विनंती करू लागले. सत्तरी ओलांडलेला तो नर्तक पुन्हा उभा राहिला. २००९ साली मृत्यूने गाठीपर्यंत त्याने देशोदेशी हे नृत्य शिकविले.

आज लिंडी हॉपचा जागतिक दिन २६ मे रोजी साजरा होतो. तो वैमानिकाच्या उड्डाणाचा दिवस नव्हे. तो फ्रँकी मॅनिंगचा जन्मदिवस आहे. नाव आकाशातून आले खरे. पण मान अखेर जमिनीवर घाम गाळणाऱ्यास मिळाला.