काणकोणचे बिऱ्हाड

प्रवासात देवदर्शन आधी की विश्रांती आधी, हा वाद आमच्या घरी जुनाच आहे. यंदा आश्विनात काणकोणास आठ दिवसांचे बिऱ्हाड करावयाचे ठरले, आणि तो मिटण्याची चिन्हे दिसू लागली. एका अंगास पाळोळ्याची चंद्रकोरीसारखी पुळण, दुसऱ्या अंगास सुमारे ८६ चौरस किलोमीटरांचे खोतीगावचे अभयारण्य, आणि त्याच मुलखात श्रीस्थळचा मल्लिकार्जुन व पर्तगाळचा मठ!

मुलांना हवी होती अगदी पुळणीवरील झोपडी. परंतु त्या झोपड्या पावसाळ्यापूर्वी उतरवितात व पाऊस सरल्यावर पुन्हा उभारतात; रानाची खरी हिरवाई तर पाऊस ओसरताच पाहावी. शिवाय वडिलांनी ऐंशी ओलांडलेली. वाळूतील चाल त्यांस झेपत नाही. म्हणून गावातले, पायऱ्या नसलेले कौलारू घर आम्ही भाड्याने ठरविले. स्वयंपाकघर स्वतंत्र आहे. तेव्हा त्यांची एकादशीही सांभाळेल.

पुढील वर्षी हा प्रवास त्यांना झेपेल का, हे घरात कोणीच विचारीत नाही. आम्ही एवढेच केले आहे : पहिली सकाळ मल्लिकार्जुनाची, उरलेल्या सकाळी वडील म्हणतील तिकडे.