मुठीवरचं सोनं

उद्या दसरा. सकाळीच माळ्यावरून आजोबांची तलवार उतरवली. पातं गंजून चाळण झालंय, धड उरली ती मूठ. खिडकीशी धरली तर परजेच्या कडेला सोन्याचे दोन-तीन ठिपके लुकलुकले. बाकी नुसत्या आडव्यातिडव्या बारीक रेघा. कोफ्तगिरी अशीच करतात: लोखंडावर ओरखड्यांची जाळी काढायची आणि तीवर सोन्याची तार ठोकून बसवायची. सोनं गेलं की जाळी दिसते.

थोडं सोनं वापराने गेलं असेल, बरंचसं मी घालवलं. बारावीत असताना चिंच आणि राख लावून मूठ लख्ख केली होती. आजोबा काहीच बोलले नाहीत. तेव्हा वाटलं, खूश झाले!

जपानी तलवारीच्या लोखंडी चकतीला, त्सुबाला, जुनेपणाने चढलेला काळसर थर जाणकार जिवापाड जपतात. हाताळून आलेली झीज त्यांना चालते, घासून आणलेली चकाकी नाही.

२०२५ मध्ये राज्य सरकारने नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाखांना आणली. पातं युरोपी, मुठीवर सोन्याची नक्षी आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात रघुजींचं नाव. तीनशे वर्षांत कुणी उत्साही नातू तिच्यापर्यंत पोचला नाही, हे नशीबच.

आमच्या तलवारीवर नाव नाही. मऊ फडक्याने खोबरेल तेलाचा एक थेंब फिरवला आणि पाटावर ठेवली. सौंदड स्टेशनात बल्लारशाकडची गाडी शिट्टी देत होती. झेंडू अजून आणायचाय.