घाट उतरायच्या आधी

हेवीचं लायसन हातात आलं, तेव्हा गाडी हलवायची कशी एवढं मला येत होतं. कायद्याप्रमाणे हलक्या वाहनाच्या लायसनवर आधी वर्ष काढलं, मग जड वाहनाचं शिकाऊ लायसन घेतलं, ट्रेनिंग स्कूलच्या जुन्या सहा टायर गाडीवर हात बसवला आणि परीक्षा दिली. रिव्हर्स जमला, वळणं जमली. पण ती गाडी रिकामी होती आणि मैदान सपाट होतं. भरलेल्या गाडीवर मी पहिल्यांदा बसलो तो कराडकडच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये दुसरा ड्रायव्हर म्हणून लागल्यावर. दहा टायर गाडी, हौद्यात साखरेची ५० किलोची पोती, वरून ताडपत्री, आणि जायचं वाशी मार्केटला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तेव्हापासून दहा टायर गाडीला माल धरून २५ टनांऐवजी २८.५ टनांची परवानगी मिळाली. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. उतारावर तो पाठीत जाणवतो.

गाडीवरच्या पहिल्या ड्रायव्हरना सगळे तात्या म्हणत. त्यांनी सुरुवातीला मला स्टिअरिंगला हातच लावू दिला नाही. हातात टामी, म्हणजे लोखंडी दांडा, दिली आणि म्हणाले, "जा, समदे टायर वाजवून ये."

मागच्या दोन्ही अॅक्सलना टायर जोडीने असतात. बाहेरचा दिसतो, आतला दिसत नाही. आतल्या टायरची हवा गेली तरी गाडी सरळ उभी दिसते, चालतेही. मग दोघांचं वजन एकटा बाहेरचा टायर वाहतो, तापत जातो आणि कुठेतरी फुटतो. टामी मारली की भरलेला टायर टणकन वाजतो आणि टामी हातात उसळून येते. हवा कमी असली की आवाज भद्द येतो आणि टामी तिथेच बसते. मी एक फेरी मारून आलो की तात्या स्वतः दुसरी फेरी मारायचे, आणि एखाद्या टायरपाशी मला बोलावून नुसतं "ऐक" म्हणायचे. कान तयार व्हायला वेळ लागला, पण झाला. जोडीच्या मध्ये दगड अडकलाय का, तेही तेव्हाच बघायचं. तो वेगात सुटला तर मागून येणाऱ्याची काच फोडतो. फाळक्याखालचे दिवे आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या फडक्याने पुसायच्या, कारण चिखलाखालचा दिवा लागला काय आणि न लागला काय, मागच्याला सारखंच.

मग हवेच्या टाक्या. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. ती हवा येते कुठून याचा विचार मी कधी केला नव्हता. इंजिनवर कॉम्प्रेसर असतो, तो टाक्यांत हवा भरतो. ब्रेक दाबला की त्यातली थोडी हवा खर्च होते आणि इंजिन चालू असेल तरच ती परत भरली जाते. टाकीच्या बुडाशी रिंग असते. ती ओढली की साठलेलं पाणी फुस्स करून बाहेर पडतं. पावसाळ्यात तर तेलकट, गढूळ पाणी येतं. ते पाणी आत राहिलं तर तेवढी हवेची जागा कमी होते आणि व्हॉल्व्ह गंजतात. सकाळी गाडी चालू केल्यावर हवेच्या मीटरचा काटा नीट वर चढेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा तात्यांचा नियम होता. हमाल ओरडू देत, मागचा ड्रायव्हर हॉर्न मारू दे. निघाल्यावरही दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून दोर ओढून बघायचे. धक्क्यांनी पोती बसतात आणि सकाळी कच्चून बांधलेले दोर सैल पडतात.

हे सगळं मनाला लगेच पटलं. झगडा झाला तो न्यूट्रलवरून.

कराडहून मुंबईकडे जाताना तीन उतार येतात. खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच उतार आणि त्यात इंग्रजी एस अक्षरासारखं वळण. पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंतची घसरण, दोन्ही बाजूंना पुणं. आणि शेवटी बोरघाट. या तिन्ही ठिकाणी गाडी न्यूट्रलला टाकून सोडायची, हे मी क्लीनर लोकांकडून, ढाब्यावरच्या गप्पांतून, इतर ड्रायव्हरच्या शेजारी बसून ऐकत आणि बघत आलो होतो. ते कुणाला चुकीचं वाटतच नव्हतं. उलट ज्याला डिझेल वाचवता येतं तो हुशार ड्रायव्हर.

याचं मूळ पैशात आहे आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुढे नेणं मला अन्यायाचं वाटतं. अनेक ठिकाणी मालक फेरीमागे डिझेल ठरवून देतो. वाचलं तर ते ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर पगारातून कापायचं. ज्याची महिन्याची कमाई अशी लिटरवर अडकलेली आहे, त्याला उतार म्हणजे फुकटचे किलोमीटर दिसतात. अपघात झाला की पेपरात 'चालकाचा निष्काळजीपणा' असं छापून येतं. चालकाच्या हातून घडलं हे खरंच असतं, पण ती सवय त्याला कुणी लावली हे त्या बातमीत नसतं.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने पुढच्या कितीतरी गाड्यांना ठोकरलं. इंधन वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा तपासातून पुढे आलं. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच भागात पुन्हा एका कंटेनरने गाड्या चिरडल्या, आग लागली, आठ माणसं गेली. मी त्या उतारावरून नेहमी जातो. रिक्षा, शाळेच्या गाड्या, स्कूटरवर मागे बसलेल्या बायका, पुलाखालून पलीकडे जाणारी माणसं. त्यांच्या डोक्यावरच्या चढावरून साडेअठ्ठावीस टन खाली येताहेत हे त्यांना माहीतही नसतं.

तात्या रागावून शिकवणारे नव्हते. त्यांनी एकदा खेड शिवापूरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि मला समजावून सांगितलं. ते मी त्यांच्याच भाषेत लिहितो.

"न्यूट्रल केलीस म्हंजी इंजिनानं हात सोडला. आता गाडी धरायची कुनी? नुसत्या ब्रेकनं. ब्रेक किती धरंल? लायनर तापला की धरत न्हाई. मग तू घाबरून गिअर टाकाया बघतोस, तर वेग एवढा झालेला आसतो की गिअर पडतच न्हाई. आन् इंजिन बंद केलंस तर हवा भरायची बंद, स्टिअरिंग दगडागत जड. मग तुझ्या हातात ऱ्हायलं काय?"

मी नव्या गाड्यांची माहिती मिळवून वाचली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. इलेक्ट्रॉनिक इंजिनाच्या बीएस-४, बीएस-६ गाड्यांत उतारावर गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला डिझेल जाणंच थांबतं. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला मात्र इंजिन स्वतःच्या ताकदीवर चालू ठेवावं लागतं, म्हणजे थोडं का होईना, डिझेल जळतंच. जी बचत म्हणून माणसं जीव टांगणीला लावतात, ती या गाड्यांत नाहीच. मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले आणि पुढच्या ढाब्यावर त्यांनी ते मला चारचौघांत पुन्हा सांगायला लावलं.

मग मला बोरघाट दिला. दिवसा, कोरड्या रस्त्यावर, तात्या डाव्या सीटवर. घाट सुरू होण्याआधी रीतसर थांबायची जागा आहे तिथे थांबलो. हवेचं मीटर बघितलं, चाकं बघितली. "कंचा गिअर?" त्यांनी विचारलं. जुना नियम असा की ज्या गिअरमध्ये हा घाट भरल्या गाडीने चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतरायचा. आणि तो गिअर उतार लागायच्या आधी पडलेला हवा. उतारावर बदलायचं ठरवलं तर मधला तो एक क्षण गाडी मोकळी सुटते. मी गिअर टाकला, एक्झॉस्ट ब्रेक चालू केला. इंजिनाचा आवाज घोगरा झाला आणि गाडी मागून कुणी ओढून धरल्यासारखी आवळली गेली.

घाटात जड वाहनांना तेव्हा ताशी ४० किलोमीटरची मर्यादा होती. डावी लेन धरली. मला वाटायचं की पाय ब्रेकवर हलका टेकवून ठेवला की आपण सावध आहोत. तात्यांनी तेवढंच मोडून काढलं. टेकवून ठेवलेला पाय ब्रेकचा लायनर ड्रमवर सतत घासत ठेवतो, आणि तापलेला ड्रम आतून फुगतो तेव्हा लायनर त्याला पूर्वीसारखा धरू शकत नाही. पाय पूर्ण बाजूला ठेवायचा. काटा चाळिशीला टेकू लागला की एकदाच नीट, ठामपणे दाबायचा, वेग तिशीवर आला की पूर्ण सोडायचा. मधल्या वेळात ड्रम गार होतात, हवा भरते. दाब, सोड. मीटर बघ. आरसा बघ. मागून एक बस दिवे मारत होती. तात्या समोर बघतच म्हणाले, "त्याला जायाचं आसंल तर जाईल तो."

खोपोलीच्या खाली, घाट संपल्यावर सुरक्षित जागी गाडी लावली आणि उतरून प्रत्येक हबजवळ उलटा हात नेला, न टेकवता. सगळीकडे सारखी ऊब. एखादं चाक जास्त तापलं तर तिथला ब्रेक अडकतोय, आणि एखादं गारच राहिलं तर तो ब्रेक काम करत नाहीये. म्हणजे बाकीच्यांवर भार पडतोय. तेव्हापासून मी प्रत्येक घाटाखाली हे करतो. त्याला पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं मी कुणालाही देत नाही.

बाकीच्या सवयी हळूहळू लागल्या. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं; त्यात कारवाला घुसला तर पुन्हा मागे सरकून अंतर करायचं, मनात राग न धरता. एक्सप्रेस वेवर डावी लेन ही आपली लेन. डाव्या दरवाजाच्या खाली, पुढच्या चाकापाशी मोटरसायकलवाला आला तर तो आरशात दिसत नाही, म्हणून डावीकडे वळण्याआधी वेग अगदी उतरवून क्लीनरला मान बाहेर काढून बघायला सांगायचं.

गाळपाच्या दिवसांत आमच्या भागात रात्रीची गाडी चालवणं ही वेगळीच परीक्षा असते. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाल्याने झाकलेला. समोरून दिव्यांचा झोत आला की ती ट्रॉली अंधारात विरघळून जाते. अशा वेळी तात्या वेग इतका उतरवायचे की आपल्या डिपरच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. मालकाचा फोन आला, "कुठं पोचलात?" तर ते खरं ठिकाण सांगायचे आणि फोन क्लीनरकडे द्यायचे.

गाडी बंद पडली तर मागे झाडाची फांदी आणि दगड ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. आम्ही त्रिकोणी रिफ्लेक्टर वापरतो, पण एकदा दुसऱ्याच कुणाच्या बंद पडलेल्या गाडीमागचे दगड तसेच पडलेले दिसले. गाडी कधीच निघून गेली होती. तात्यांनी थांबून ते माझ्याकडून उचलून घेतले. पहाटे दूधवाला त्यावर आपटला असता.

झोपेचं मात्र अजून सुटलेलं नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम सांगितलं होतं, सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. रस्त्यावर हे पाळणारी गाडी विरळाच. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळे उघडे असूनही माणूस झोपलेला असतो, आणि चहा-तंबाखूने ती झोप जात नाही, फक्त पुढे ढकलली जाते. तात्यांची खूण अशी की मागच्या पाच मिनिटांतला रस्ता आठवला नाही की गाडी लावायची. मी ती पाळतो. २०२५ मध्ये नव्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, ही मला मोठी गोष्ट वाटते. मे महिन्यात इंजिनाच्या धगीत दिवसभर बसलेला माणूस रात्री शुद्धीवर राहील अशी अपेक्षा धरणंच चुकीचं होतं. आमच्या जुन्या गाडीत अजून पंखाच आहे.

तात्या आता लांबच्या फेऱ्या करत नाहीत. गाडी माझ्याकडे आहे आणि शेजारी एक मुलगा शिकतो आहे. टामी सध्या त्याच्या हातात असते. मालकाशी माझं एकच बोलणं चालू आहे: फेरीमागे डिझेल ठरवून देण्याचा हिशेब बंद करा, पूर्ण पगार द्या आणि डिझेलचा खर्च गाडीच्या खात्यावर टाका. मी त्यांना घाट गिअरमध्ये उतरलेल्या फेऱ्यांचे आकडे लिहून दाखवतो, लायनर पूर्वीपेक्षा जास्त टिकताहेत हे गॅरेजच्या पावत्यांवरून दाखवतो. त्यांनी एका गाडीवर करून बघायचं कबूल केलं आहे. बाकीच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर त्या हिशेबाची वाट बघताहेत.