भिंतीवर वारली, टेबलावर कोण?



डहाणूतल्या आमच्या घरातली जेवणाची खोली यंदा नवी करायची ठरवलं. बजेट दहा हजार. जुनं टेबल पॉलिश केलं, भिंतीला स्वतःच गेरूचा रंग दिला. राहिलं वारली चित्र. ऑनलाइन स्टिकर चारशे रुपयांना होता. तलासरीकडच्या एका वारली चित्रकारांनी चार हजार सांगितले. मी सवयीने म्हणालो, "दादा, थोडं कमी करा."

"पॉलिशच्या डब्याची किंमत कमी करून घेतलीत का?" त्यांनी विचारलं.

मी गप्प झालो. लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या बायकांची ही कला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, २०११ साली पद्मश्री मिळवली. पण स्टिकरच्या चारशेतला एक रुपयाही वारली पाड्यावर जाईल याची खात्री काय?

आणखी एक आठवलं. लहानपणी आमच्याकडे भातकापणीला येणारे वारली मजूर ओट्यावर जेवायचे. आम्ही आत बसून चवदार तळ्याच्या गोष्टी सांगायचो!

चित्र झालं, त्या दिवशी दादा आमच्यासोबत त्याच टेबलावर जेवले. पण नुसत्या सहभोजनाने जात मोडत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बजावलं होतं. म्हणून चार हजार पूर्ण दिले. पडदे पुढच्या वर्षी घेऊ.

मित्रांनो, बजेट कमी असेल तर वस्तू कमी करा. कष्टाचा मोबदला कापू नका.

जयभीम!