काठी रक्तात नसते



कर्नाटक सीमेवरच्या आमच्या दुधनीत 14 एप्रिलच्या मिरवणुकीत लाठीकाठीचं रिंगण पडतं. खेळणारे ठरावीक घरांतले. आजोबांनी बापाला शिकवलं, बापाने पोराला. यंदा त्यातला एकजण छाती काढून म्हणाला, "हे शिकवून येत नाही, रक्तात लागतं." टाळ्या पडल्या. आम्हाला मात्र ते टोचलं.

कारण रक्ताची ही भाषा आपल्यावरच उलटली आहे. 1818 ला कोरेगावात महार शिपाई लढले. 1890 च्या दशकात इंग्रजांना साक्षात्कार झाला की महार ही लढाऊ जातच नाही! भरती बंद. ज्या पलटणीत रामजी सुभेदार झाले, तिचं दार पुढच्या पिढीला बंद. मग महायुद्धात माणसं लागली आणि 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पन्नास वर्षांत रक्त बदललं की गरज?

आणि पिढीजात काठी तर वेसकराच्या हातातही होती. रात्रभर गावाची राखण करायची आणि सकाळी भाकरी मागायची. बापामागून पोरगा, पोरामागून नातू. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. बापाकडून आलं म्हणून जपायचं, हा आपला न्याय नव्हे.

लहुजी वस्ताद साळवेंकडेही विद्या घरातूनच आली, वडील राघोजींकडून. पण त्यांनी ती घरात कोंडली नाही. पुण्यात तालीम चालवली. माळ्याच्या घरचे जोतीराव या मांग वस्तादाकडे दांडपट्टा शिकले. ज्याची सावली नको, त्याच्या पायाशी बसून शिकायचं, तेही पेशवाई सरून फार वर्षं न झालेल्या पुण्यात! लहुजींच्या फोटोला हार घालताना आपण हे विसरतो.

तिकडे फिलिपिन्समध्ये अर्निस नावाची काठीची विद्या आहे, तीही घराण्याघराण्यांतून आलेली. 2009 ला त्यांनी कायदा करून तिला राष्ट्रीय खेळ केलं आणि शाळेत आणलं. आता ती कुणाचंही पोर शिकतं.

आमच्याकडे पोरी अजून रिंगणाबाहेर उभ्या राहून टाळ्या वाजवतात. त्यांनाही शिकवा म्हटलं, तर एक आजोबा म्हणाले, "पोरीला शिकवलं की विद्या सासरी जाते."

जाऊ द्या की, आजोबा. तिथल्या दहाजणी शिकतील.